पहिली टोपली तळ्याची

घर बांधताना भरवसा कोणावर ठेवावा, असं लोक मला विचारतात. मी सांगते, लेव्हलच्या नळीवर. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी, तिच्यात पाणी भरायचं, एक टोक मिस्त्रीच्या हातात आणि दुसरं तुमच्या. पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर उभं राहतं. त्यानं ठेकेदाराचं मीठ खाल्लेलं नसतं आणि त्याला मालकाची भीडही नसते. बाकी सगळ्यांवर संशय घ्या. माझ्यावरसुद्धा घ्या, मी रागावणार नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई फार कडू दिसते. असेन. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत उभी हयात मी दुसऱ्यांच्या घरांमागे घालवली. आधी घरकुलांच्या कामावर देखरेख केली, मग आरमोरीत स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. नकाशे काढले, इस्टिमेटं केली, पण माझी ओळख झाली ती भेगांमुळे. नव्या घराला तडा गेला की मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मिस्त्रीकडे, मिस्त्री सिमेंटकडे, आणि सिमेंटवाला दुकान बंद करून जेवायला जातो. मग कुणीतरी म्हणतं, "त्या भेगावाल्या बाईले बोलवा नं." माझं खरं नाव आमच्या पोस्टमनशिवाय कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

संशय मला वडिलांकडून मिळाला. ते बल्लारपूरच्या बाजूला कोळसा खाणीत होते. खाली उतरलं की पहिलं काम हातातल्या काठीनं डोक्यावरचं छत ठोकून बघायचं. टणक आवाज आला तर पुढे, बद्द आला तर मागे. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरी जेवायला बसतानाही ते एकदा आढ्याकडे बघून घेत. आई चिडायची, "माह्या घराचं छत नाई पडत, जेवा." वडील जेवत, पण नजर वरच. त्यांची ती काठी आज माझ्या गाडीत असते. सोबत नळी, टेप आणि एक मोठा खिळा. माझी सगळी विद्या एवढ्यात मावते.

आता आधी कामाचं बोलते. दिवाळी अंक वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यात घर बांधायचं असतं आणि उरलेल्यांचं अर्धवट उभं असतं.

पैसा जमिनीखाली घाला. पाहुणा तुमच्या घरी पाया बघायला येत नाही, म्हणून आपला माणूस पायात काटकसर करतो आणि गेटवर सिंह बसवतो. मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे खिडक्यांना पोती लावलेली होती आणि दारात दोन सिंह ऐटीत बसले होते. फरशी पुढच्या वर्षी बदलता येते, रंग दर दिवाळीला बदलता येतो, पाया मात्र एकदाच. आणि इस्टिमेट कुणीही करून देवो, अगदी मीसुद्धा, ते कमीच पडणार असं धरून चाला. इस्टिमेटात भिंती असतात. संडासाचा खड्डा, विजेचं मीटर, कंपाउंड, मोटरपंप, स्लॅबच्या दिवशी मजुरांना द्यायचं मटणाचं जेवण, यांची आठवण सगळ्यांना शेवटी होते. म्हणून हातचा राखून ठेवा, आणि तो कुठे राखून ठेवला आहे हे मेहुण्याला सांगू नका.

भर उन्हाळ्यात स्लॅब टाकायचा असेल तर आधी पाण्याची सोय बघा. आमच्याकडचं ऊन माणसाला सोडत नाही, ते स्लॅबला काय सोडणार! तराई, म्हणजे ओल्या स्लॅबवर पाणी साठवून ठेवणं, हे फुकटचं काम म्हणून सगळे टाळतात. "झाली तराई, मॅडम," असं जो पटकन म्हणतो त्याच्या स्लॅबवर मी पहिल्यांदा चढते. रेती घेताना एक मूठ काचेच्या बाटलीत घाला, पाणी ओतून हलवा आणि बाटली ठेवून द्या. खाली रेती बसेल, वर गाळ. गाळाचा थर जाड दिसला की ट्रॅक्टर परत. ट्रॅक्टरवाला नदीची शपथ घेईल, घेऊ द्या.

संशय घेण्याचीही एक रीत असते. बल्लारपूरला एक काका होते. नोकरीतून निवृत्त झालेले, हाताशी वेळच वेळ. घर बांधायला काढलं तेव्हा ते रोज सकाळी साइटवर खुर्ची टाकून छत्री उघडून बसत. ठेकेदारानं सिमेंट पळवू नये म्हणून संध्याकाळी रिकाम्या थैल्या मोजायचे. जितक्या भरलेल्या कमी झाल्या तितक्या रिकाम्या मिळाल्या की काका खूश. मला त्यांनी मोठ्या अभिमानानं तो ढीग दाखवला. "एक थैली इकडची तिकडे झाली नाई, मॅडम. मी बसून राह्यतो नं इथी."

मी ढीग पाहिला. "काका, तुम्ही सिमेंट एकाच कंपनीचं घेतलं ना?"

"एकाच."

"मग थैल्या दोन रंगांच्या कशा?"

काका खुर्चीवरून उठले. ठेकेदाराची माणसं त्यांच्या भरलेल्या थैल्या मागच्या बाजूनं काढून नेत आणि दुसऱ्या साइटवरच्या रिकाम्या आणून ढिगात टाकत. हिशेब रोज जुळत होता. त्या दिवसापासून मी एक नियम केला. माल उतरला की प्रत्येक थैलीवर आपल्या हातानं रंगाची खूण करायची आणि संध्याकाळी खुणेच्या रिकाम्या थैल्या मोजून घ्यायच्या. हा नियम तोंडोतोंडी दोन्ही जिल्ह्यांत पसरला. मिस्त्री मंडळी माझ्या नावानं बोटं मोडायची. मला त्याचा अभिमान होता. होता असं का म्हणते, ते पुढे येईल.

कधी कधी संशय चुकीच्या दारात जाऊन बसतो. भामरागडला एका नर्सबाईचं घर चाललं होतं. तिकडे पावसाळ्यात पूर आला की रस्ता बंद, म्हणून सगळं सिमेंट आधीच आणून ठेवावं लागतं. नर्सबाईनं तसं ठेवलं. पाणी ओसरल्यावर बघते तर निम्म्या थैल्यांचे दगड झालेले. मला फोन आला. "मॅडम, दुकानदारानं मले जुना माल देल्ला. त्याले सोडत नाई मी." रस्ता सुरू झाल्यावर मी गेले. थैल्या सरळ जमिनीवर, बाहेरच्या भिंतीला चिकटून रचलेल्या. खालच्या आणि भिंतीकडच्या तेवढ्या दगड झाल्या होत्या, मधल्या ठणठणीत. खाली फळ्या घालून, भिंतीपासून हातभर सोडून रचल्या असत्या तर एकही गेली नसती. दुकानदार निर्दोष निघाला. इतक्या वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही, त्यामुळे मलाच जरा चुकल्यासारखं झालं.

पण ज्या घराबद्दल लिहायचं म्हणून मी हा लेख घेतला, ते घर वेगळं. आरमोरीपासून आत एका तळ्याच्या काठी गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या ढिवर मोहल्ल्यातले महादेवभाऊ एका सकाळी माझ्या ऑफिसात आले. मासेमारांच्या संस्थेचे अध्यक्ष, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत.

"बाई, माह्या लहान भावानं माहं सिमेंट खाल्लन."

मी म्हटलं, आधी बसा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लहान भाऊ सुखदेव बल्लारपूरला मिस्त्रीकाम करतो. मोठ्या भावाचं घर म्हणून तो तिथली कामं सोडून आला, मजुरी न घेता जोत्यापासून स्लॅबपर्यंत सगळं त्यानंच केलं. घर झालं, वास्तू झाली, गावजेवण झालं. पुढच्या पावसाळ्यात मधल्या भिंतीला भेग पडली. आणि त्याच सुमारास कुणीतरी बातमी आणली की सुखदेवच्या बल्लारपूरच्या दोन खोल्यांना नवीन प्लास्टर झालं आहे. झालं! भिंतीतली भेग घरात शिरली. भाऊ भावाशी बोलेना, सुखदेव गावात येईना, आणि म्हातारी आई दोघांच्या मध्ये.

"रविवारी समाजाची बैठक हाये," महादेवभाऊ म्हणाले. "तुमी फक्त लिहून द्या, भिंतीत सिमेंट कमी हाये म्हणून. बाकी मी पाहतो."

म्हणजे प्रकरण सोपं नव्हतं. समाजाच्या बैठकीत एकदा चोर ठरला की सुखदेवला गाव तुटणार, आई तुटणार, आणि मिस्त्री म्हणूनही तो कामातून उठणार. मिस्त्रीचं नाव गेलं की थापी हातात असून उपयोग नसतो. सख्ख्या भावाच्या घरात चोरी करणाऱ्याला परका कोण कामावर ठेवील? मी म्हटलं, लिहून देण्याआधी भिंत बघीन, आणि सुखदेव हजर असेल तरच बघीन.

मी गेले तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. घर गुलाबी, वरांड्याला स्टीलचा कठडा, दारावर सिमेंटचं कमळ. त्यांची आई सखुबाई वरांड्यात उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. तळ्यातला शिंगाडा, काळा, काटेरी. तिनं न विचारता मूठभर माझ्या हातावर ठेवले. सुखदेव अंगणात उभा होता. मी येताच त्यानं नमस्कार केला आणि पुन्हा जमिनीकडे बघायला लागला.

खरं सांगते, माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला. गप्प मिस्त्री मला आवडत नाही. बडबड्या मिस्त्रीनं काही केलं की त्याची बडबड थांबते आणि आपल्याला कळतं. गप्प्याचं काय कळणार? शिवाय मजुरी न घेणारा माणूस. फुकट काम करणारा कुठून तरी वसूल करतोच, हा माझा अनुभव.

भेग मधल्या भिंतीत होती. फरशीपासून निघून तिरपी दाराच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली, बोट जाईल एवढी. मी खिळा काढला आणि विटांच्या सांध्यात घालून ओढला. सिमेंट कमी असेल तर सांधा भुरभुरतो, खिळा आत जातो. इथे खिळाच वाकला. दुसऱ्या भिंतीत पाहिलं, तिसऱ्या भिंतीत पाहिलं, तेच. काठीनं प्लास्टर ठोकून बघितलं, कुठे पोकळ नाही.

"वरून चांगलं केलन, आतलं खाल्लन," महादेवभाऊ मागून म्हणाले.

मग मी मधल्या खोलीचं दार लावून बघितलं. ते चौकटीत अडकलं. "हे कधीपासून?"

उत्तर सखुबाईनं दिलं. "पावसात अडकते, बाई. उन्हाळ्यात आपल्या मनानं लागते."

मी कान टवकारले. सिमेंट चोरलेली भिंत बारा महिने चोरलेलीच असते. ती पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात एक असं वागत नाही. पाण्याबरोबर फुगणारं आणि उन्हाबरोबर आखडणारं काहीतरी या घराच्या खाली होतं.

मी नळी काढली. एक टोक महादेवभाऊंच्या हातात दिलं, दुसरं सुखदेवच्या. दुसरं कुणी हाताशी नव्हतं म्हणून दिलं, पण सखुबाई शिंगाडे सोलायची थांबून दोघांकडे बघत राहिली. कितीतरी महिन्यांनी तिच्या दोन्ही मुलांनी एकच वस्तू धरली होती. पाण्यानं सांगितलं ते असं, की खोलीच्या मध्यावर फरशी कडेपेक्षा चांगलीच वर आली आहे. पुरी फुगावी तशी. ती मधली भिंत फरशीवरच उभी केलेली, तिला स्वतःचा पाया नाही. खालून ढकललं गेल्यावर ती फाटणारच होती.

"जोत्यात भरण काय घातलं?" मी विचारलं.

"मुरूम," महादेवभाऊ म्हणाले. "ट्रॅक्टर मीच बोलावले होते. मुरूमच."

सुखदेवनं मान फिरवून दाराबाहेर बघितलं. मी ते टिपलं. अच्छा, म्हणजे सिमेंट नाही, मुरूम! भावानं आणलेला मुरूम बाहेर विकला आणि जोत्यात काहीबाही भरलं. माझ्या मनात खटला तयारसुद्धा झाला. मी म्हटलं, मधली एक फरशी काढायची.

तेव्हा सुखदेव पहिल्यांदा बोलला. "मॅडम, फरशी काढू नका. सिमेंट मी खाल्लं म्हणा. मी सारं भरून देतो."

"आयकलं?" महादेवभाऊ ओरडले. "आयकलं का बाई तुमी?"

ऐकलं तर मी होतंच. पण इतक्या वर्षांत मी पुष्कळ चोर पाहिले. चोर आधी नाकारतो, मग देवाची शपथ घेतो, मग रडतो, मग दुसऱ्याचं नाव सांगतो, आणि सगळं संपल्यावर थोडंसं कबूल करतो. फरशी उचलण्याआधीच सगळं कबूल करणारा चोर मला भेटलेला नव्हता. त्यात भिंतीत सिमेंट भरपूर आहे हे माझ्या खिळ्यानं सांगितलं होतं. न केलेली चोरी हा माणूस अंगावर का घेतोय? आता माझा संशय दुप्पट झाला. मी स्वतः छिन्नी घेतली आणि फरशी उचकटली.

वर लाल मुरूम होता, वीतभर. त्याच्या खाली काळी, चिकट, लोण्यासारखी माती. मी मूठभर वर काढली. तिच्यात गोगलगाईंचे पांढरे शंख होते, आणि एक शिंगाड्याचं टरफल, काट्यांसकट. वरांड्यात सखुबाईच्या पुढ्यात पडलेल्या टरफलांसारखंच. शिंगाडा जमिनीत उगवत नाही. ही तळ्यातली माती होती.

"ही तर तळ्याची माती," म्हणत मी महादेवभाऊंकडे बघितलं. मला वाटलं, आता भावावर धावून जातील. पण ते शांत होते. "हो नं, तळ्याची हाये."

"तुम्ही तर मुरूम म्हणालात!"

"भरण मुरूमाचंच हाये, बाई. हे भरण नाई. हा मान हाये."

मला समजायला थोडा वेळ लागला. त्या मोहल्ल्यात पूर्वीपासून रीत आहे. घराचं जोतं बांधून झालं की त्यात पहिली टोपली तळ्याच्या मातीची पडते. ज्या तळ्यानं पोसलं त्याची माती घरात असावी, एवढाच अर्थ. पहिली टोपली घरातली वडीलधारी बाई टाकते, मग नात्यातल्या घरांची एकेक. जुनी घरं कुडाची, लहान, जमीन शेणानं सारवलेली. चार टोपल्यांनी काही बिघडत नसे, आणि तडा गेलाच तर दिवाळीच्या सारवणात मिटून जायचा. पण महादेवभाऊ अध्यक्ष. सगळा मोहल्ला आला. संस्थेचे सभासद आजूबाजूच्या गावांतून आले. तो उन्हाळा, तळं आटलेलं, गाळ उघडाच. कुणी टोपली आणली, कुणी बैलगाडी, आणि एका व्याह्यांनी तर अध्यक्षांचा मान म्हणून अख्खी ट्रॉली उलटी केली. जोतं मानानंच भरलं. उरलेल्या जागेत मुरूम मावला तो वीतभर. महादेवभाऊंनी मला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या हिशेबात देवाच्या नैवेद्याला कुणी स्वयंपाकाच्या तांदळात धरत नाही, तसंच ते होतं.

मी त्यांना शेताचं उदाहरण दिलं. बांधीतली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हे त्यांना मी काय सांगणार? तीच माती फरशीखाली कोंडली तर ती तिथेही तेच करणार. ते ऐकत राहिले आणि शेवटी भिंतीला टेकून खाली बसले. पांढऱ्या शर्टाला रंग लागला तरी त्यांना कळलं नाही.

"सुखदेव, तुले ठाऊक होतं?"

"तवाच म्हटलं होतं मी, भाऊ. थोडी माती काढून टाकू म्हटलं. तू म्हटलं, लोकाइचा मान फेकतो का."

"मग मी तुले चोर म्हटलं तेव्हा काऊन नाई बोलला?"

सुखदेव खड्ड्याकडे बघत म्हणाला, "काय बोलू? साऱ्या मोहल्ल्याले सांगू का, तुमच्या टोपलीनं घर फाटलं म्हणून? पहिली टोपली मायनं टाकली होती. तिले कसं सांगू? त्यापेक्षा मी चोर बरा."

सखुबाई दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती फरशीतल्या त्या खड्ड्याशी बसली, काळ्या मातीला हात लावला आणि म्हणाली, "मानाची माती खाली, अन् माहं पोरगं बाहेर. असं घर मले नाई पायजे." भिंतीकडे बघायचं निमित्त करून मी पाठ फिरवली.

रविवारची बैठक झाली, पण वेगळ्या कामासाठी. मी फरशी काढून सगळी माती उपसायला सांगितली. मुरूम थराथरानं घालायचा, प्रत्येक थरावर पाणी, प्रत्येक थरावर धुम्मस करून ठोकायचा, आणि मधली भिंत खालून बीम घेऊन नव्यानं उभी करायची. माती कुठे टाकायची हा प्रश्न सखुबाईनं सोडवला. ज्यानं टोपली आणली त्यानंच ती मानानं परत न्यायची. लोक आले. कुणी चिडलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही, माती ज्याच्या त्याच्या धानाच्या बांधीत गेली. ट्रॉलीवाले व्याही मात्र तब्येत बरी नाही म्हणून आले नाहीत. ती रीत त्या गावात अजून आहे. पहिली टोपली तळ्याचीच पडते, पण आता तीच शेवटचीही असते. तुमच्याकडे अशी काही रीत असेल तर ती मोडू नका, पण तिची जागा मला आधी सांगा. इस्टिमेटात मी एक टोपली धरते.

नवीन काम सुखदेवनंच घेतलं. सिमेंट उतरलं त्या दिवशी मी साइटवर होते. बघते तर हा पठ्ठ्या लाल रंगाचा डबा घेऊन प्रत्येक थैलीवर खूण करतोय.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तुमचाच नियम हाये नं, बाई. बल्लारपूरले साऱ्या मिस्त्र्याइले ठाऊक हाये."

तो हसत नव्हता. ज्या नियमाचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला, तो असा समोर आला आणि पहिल्यांदा मला नको वाटला. संशय मापून घ्यावा हे मी जगाला शिकवलं. तो घेऊन झाल्यावर परत कसा ठेवायचा, हे मलाही येत नव्हतं.

संध्याकाळी काम थांबलं. सुखदेवनं रिकाम्या थैल्या झटकल्या, नीट घड्या घातल्या आणि गठ्ठा आणून महादेवभाऊंच्या पुढ्यात उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतः बाजूला टेकला. "भाऊ, मोज."

महादेवभाऊ खुर्चीवर बसले होते. त्यांनी गठ्ठ्याला हात लावला नाही. "बरोबर हाये."

"बरोबर नाई. एक कमी हाये. मी मुद्दाम काढून ठेवली. मोज तू."

सखुबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. महादेवभाऊ उठले, तो गठ्ठा उचलून त्यांनी बाजूला ठेवला आणि त्या जागेवर, उंबऱ्यावर, भावाशेजारी बसले.

"कमी असली तरी बरोबर हाये," ते म्हणाले.

सुखदेवनं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला आणि रडला. मी माझी काठी आणि नळी गोळा केली आणि गाडीकडे निघाले. ती एक थैली कुठे होती, हे मी विचारलं नाही.